शब्दाचा भाव आणि हातात पडणारी पट्टी

माझे वडील, आमचे अण्णा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. सौदा झाला, वजन झालं, की ते शेतकऱ्याची पट्टी लिहायचे. वर मालाची एकूण रक्कम, खाली हमाली, तोलाई, अडत, दुकानानं गाडीभाडं दिलेलं असलं तर तेही, आणि तळाला शेतकऱ्याच्या हातात पडणारा आकडा. अण्णा सांगायचे, गावात गेल्यावर चावडीवरची माणसं त्याला विचारतात, "भाव काय लागला?" घरातली बाई विचारते, "पट्टी किती आली?"

ऑनलाइन लेखन सुरू केल्यावर पहिलं वर्षभर मी फक्त शब्दाचा भाव बघत राहिले. कमाई तिथंच अडकली होती.

सांगलीच्या गावभागात माझं टायपिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं असायची. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि माझे दोन संगणक, प्रिंटर, झेरॉक्स मशीन सगळं पाण्यात गेलं. दिवाळीनंतर भावानं एक जुना लॅपटॉप दिला, त्यावर घरबसल्या मराठी मजकुराची कामं घ्यायला लागले. पहिल्या महिन्यात २,१०० रुपये आले. गेल्या वर्षी महिन्याची सरासरी ३८ हजारांवर होती. मधल्या काळात काय बदललं ते नव्यानं लिहिणाऱ्यांसाठी सांगते. मराठी नीट लिहिता येतं, टायपिंग येतं, तरी महिना चार-पाच हजारांच्या पुढं सरकत नाही, अशा बऱ्याच मुली मला भेटतात. त्यांची मेहनत कमी पडत नाही. त्यांना हिशेब कुणी शिकवलेला नसतो.

प्रत्येक कामाची पट्टी काढा

शंभर पानी वही घ्या, मोबाइलमधलं अ‍ॅप नको. काम संपलं की त्याच दिवशी लिहा: रक्कम किती, तास किती, ते तास कशात गेले. माझ्या वहीतल्या दोन नोंदी इथं देते.

पहिली नोंद, फेब्रुवारी २०२०. आरोग्यावरचा १,००० शब्दांचा लेख, शब्दाला २५ पैसे, एकूण २५० रुपये. वाचन दीड तास, लिहिणं अडीच तास, फोटो शोधून देणं अर्धा तास, दोनदा दुरुस्त्या मिळून एक तास. साडेपाच तास झाले. तासाला साधारण ४५ रुपये पडले.

दुसरी नोंद त्यानंतर दीड वर्षाची. हळद शिजवण्यावरचा ९०० शब्दांचा लेख, एका मसाला उत्पादकासाठी, ठरलेली रक्कम १,५०० रुपये. फोनवर बोलणं अर्धा तास, लिहिणं दोन तास, दुरुस्ती अर्धा तास. तासाला ५०० रुपये.

दुसरा लेख शब्दांनी लहान आहे आणि मेहनतही त्यात कमी लागली. रक्कम सहापट होती, आणि तासांत मोठा फरक पडला तो वाचनाच्या दीड तासामुळं. आरोग्याच्या विषयात मी परकी होते, हळदीत घरची होते. वही नसती तर हे मला दिसलंच नसतं. मला वाटत होतं, जास्त लेख घेतले की जास्त पैसे मिळतील. तीन महिने पट्ट्या काढा, मग तासाला सगळ्यात कमी पैसे देणारं काम सोडून द्या. ते सोडताना पोटात गोळा येतो, मलाही आला होता. पण मोकळे झालेले तास हेच पुढच्या चांगल्या कामाचं भांडवल.

आपल्या पायाखालचा विषय

नवा लेखक "मी कशावरही लिहू शकते" असं सांगतो. ग्राहकाला यातून काहीच कळत नाही आणि दर पडतो. आपल्या भागात कशाची पैदास आहे, कशाचा धंदा आहे, घरात कुणाला कशातलं कळतं, ते बघा. सांगलीत हळद, तासगावकडं द्राक्षं आणि बेदाणा, मिरजेत दवाखाने आणि सतारीचे कारागीर, सगळीकडं ऊस आणि दूध. साताऱ्याकडं असाल तर महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, कास पठार आणि त्याभोवतीचं पर्यटन. यातल्या प्रत्येक धंद्याला आता मराठी मजकूर लागतो: पाकिटावर, वेबसाइटवर, व्हिडिओच्या स्क्रिप्टमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या माहितीपत्रकात.

जवळून बघितलेलं लिहिलं की काय होतं ते हळदीवरूनच सांगते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिच्यावर भरपूर लिहिलं जाऊ लागलं. एका वेबसाइटवर मी वाचलं, "हळद जमिनीतून काढून उन्हात वाळवली जाते व तिची पावडर केली जाते." ज्याच्या घरी हळद आहे तो माणूस इथंच वाचणं थांबवतो, कारण यात शिजवणं गाळलंय. काढणीनंतर जेठे गड्डे आणि हळकुंडं वेगळी करतात, हळकुंडं शिजवतात, शिजली का ते काडी टोचून बघतात, मग दहा-पंधरा दिवस वाळवतात आणि शेवटी पॉलिश करतात. ओली पाच क्विंटल असली तर सुकून साधारण एक क्विंटल हाताला लागते. जास्त शिजली तर रंग उतरतो. हे मी लिहिलं तेव्हा त्या मसालेवाल्यांचा फोन आला, "बाई, तुमचं गाव कोणतं?" त्यानंतर त्यांनी दराचा विषय पुन्हा काढला नाही.

स्वतःला माहीत नसेल तर विचारायला जायचं. विचारताना एकच प्रश्न चुकवू नका: "यात काय चुकतं?" "तुमच्या कामाबद्दल सांगा" म्हटलं की माणूस भाषण देतो. "काय चुकतं?" म्हटलं की त्याचं काम बोलायला लागतं. मिरजेत एका सतारीच्या कारागिरांकडं मी मजकुरासाठी गेले होते. पहिली दहा मिनिटं परंपरा, घराणं, मानसन्मान. मग मी हा प्रश्न विचारला. ते उठले, घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, हातात घेतली आणि तारेचा नाद जुळवायची जवारी कशी लावतात ते दाखवायला बसले. घोडीचा वरचा भाग कानसेनं किती घासायचा, केसभर जास्त घासलं तर तारेचा आवाज कसा बसतो, मग ती पुन्हा कशी उघडायची. चाळीस मिनिटं बोलले. त्या चाळीस मिनिटांतून एक मुख्य लेख, दोन व्हिडिओंच्या स्क्रिप्ट आणि दुरुस्तीला येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी एक पानाची माहिती, इतकं तयार झालं. एका भेटीतून चार कामं. पट्टीत भेटीचा तास एकदाच धरला.

एआयमुळं आता साधे लेख फुकट मिळतात, असं ग्राहक तोंडावर सांगतात, आणि ते खरं आहे. "हळदीचे दहा फायदे" अशा कामाचे माझे दर गेल्या दोन वर्षांत खाली आले, मग मी ती कामं घेणंच बंद केलं. पण त्या कारागिरांच्या घोडीपाशी जाऊन बसणारं माणूसच लागतं. तिथं माझा दर टिकला.

काम कुठून आणायचं

सुरुवात धंद्यांसाठी मजकूर लिहून घेणाऱ्या एजन्सीकडून करा, त्यात कमीपणा नाही. वेळेत काम देणं, सूचना वाचणं, दुरुस्ती शांतपणे घेणं हे तिथं शिकता येतं. पण सहा महिन्यांच्या आत एक तरी थेट ग्राहक हवा. एजन्सी मध्ये असली की धंद्याच्या मालकाशी तुमचा संबंध येत नाही, आणि कमाई वाढते ती याच संबंधातून.

थेट ग्राहक मिळवताना पूर्ण लेख फुकट लिहून देऊ नका. मी काय केलं ते सांगते. सांगलीतल्याच विश्रामबागमधल्या एका दुकानातून मी मसाल्याची चार पाकिटं विकत आणली. एकावर छापलं होतं, "हे उत्पादन थंड आणि कोरड्या जागी साठवून ठेवले गेले पाहिजे." खाली "शुध्द" असं चुकीचं जोडाक्षर. मी पाकिटाचा फोटो काढला, त्याखाली दुरुस्त मजकूर टाइप केला: "कोरड्या, थंड जागी ठेवा. ओला चमचा घालू नका." आणि "शुद्ध". पाकिटावरच्या नंबरवर तो पाठवला आणि लिहिलं, "मी सांगलीचीच आहे. पाकिटावरचं मराठी वाचणाऱ्याला सोपं वाटावं म्हणून दोन ओळी बदलून बघितल्या. आवडल्या तर वापरा. बाकी मजकुराचं काम करून हवं असल्यास कळवा." चार जणांना पाठवलं. दोघांनी उत्तर दिलं नाही, एकानं आभार मानले, चौथ्यानं अकरा पाकिटांचा मजकूर दिला. अर्ध्या तासाचं काम होतं, आणि त्यात ग्राहकाला त्याच्याच मालावर फरक दिसला.

दुकानांच्या गूगल नोंदीवर मराठी माहिती लिहून देणं हेही चांगलं पहिलं काम आहे. नोंद फुकट असते, पण वेळा, पत्ता, काय मिळतं हे बहुतेक ठिकाणी अर्धवट किंवा इंग्रजीतून ओढून आणलेलं असतं. छोटं काम आहे, पण दुकानदार रोज ते बघतो आणि पुढच्या कामाला तुम्हालाच हाक मारतो.

भाषांतराची कामं येतील, ती घ्या. फक्त ओळीला ओळ बसवू नका. इंग्रजी वाक्य वाचायचं, स्क्रीनवरून नजर काढायची, आणि ही गोष्ट शेजारच्या काकूंना कशी सांगाल ते मोठ्यानं म्हणायचं. जे तोंडातून निघेल ते लिहायचं. माझ्या भाषांतराला मूळ लेखनाइतका दर मिळतो तो या सवयीमुळं.

टायपिंगबद्दल एवढंच: युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत लिहा. डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉण्टमधला मजकूर वेबसाइटवर चालत नाही, आणि पूर्वी मी त्यातच अडकले होते. मोबाइलवर बोलून टाइप करता येतं, कच्चा मसुदा मी पुष्कळदा भाजी निवडताना बोलूनच काढते. पण अनुस्वार, जोडाक्षरं, नावं बसून तपासा. बोललेला मजकूर न तपासता पाठवला की एका चुकीच्या नावानं ग्राहक जातो.

आधी लिहून घ्या, मग लिहा

२०२१ मध्ये एका एजन्सीकडं माझे ११,४०० रुपये अडकले. सगळं फोनवर ठरलेलं. आधी "पुढच्या आठवड्यात", मग "वरून मंजुरी नाही", मग फोन उचलणं बंद. मी रात्री जागून ते लेख पूर्ण केले होते, मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत. ते पैसे कधीच आले नाहीत. आजही त्या महिन्याचं पान उघडलं की वाईट वाटतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं कळकळीनं सांगते.

काम घेताना एका व्हॉट्सअ‍ॅप संदेशात पाच गोष्टी लिहा आणि समोरच्याकडून "मान्य" असं उत्तर घ्या: काय द्यायचं, कधी, किती रुपयांत, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, पैसे किती दिवसांत. दुरुस्तीची एक फेरी दरात धरा, पुढच्या फेरीचे वेगळे पैसे. नव्या ग्राहकाकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्या. आगाऊ मागितल्यावर ग्राहक जाईल ही भीती मला होती. जे गेले ते नंतरही पैसे देणारे नव्हते, असं आता वाटतं.

छोट्या उद्योगांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी करा. आधार आणि पॅन लागतं, फी काही नाही. मला एका एजंटानं तिचे दीड हजार सांगितले होते. लेखन ही सेवा आहे, ती सूक्ष्म उद्योगात बसते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणं अशा उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काही ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं आणि तक्रार याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडं जाते. नोंदणी मात्र काम सुरू करण्याआधीची हवी. माझी तेव्हा नव्हती. आता माझ्या प्रत्येक बिलावर वर उद्यम क्रमांक असतो आणि खाली एक ओळ: "देय मुदत १५ दिवस." त्यानंतर एकही रक्कम बुडालेली नाही.

कंपनी पैसे देताना टीडीएस, म्हणजे आधीच वळता केलेला आयकर, कापते तेव्हा नवे लेखक घाबरतात. व्यावसायिक फीवर १० टक्के कापतात, तेही एका कंपनीकडून वर्षाची रक्कम मर्यादेपुढं गेली की. ही मर्यादा ३० हजार होती, २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून ५० हजार झाली. कापलेले पैसे तुमच्या पॅनवर जमा असतात. आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कर विवरणात ते दिसतात का ते बघा आणि आयकर विवरणपत्र भरा. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर ते परत मिळतात. पहिली दोन वर्षं मी विवरणपत्र भरलंच नाही आणि तेवढे पैसे सोडून दिले. अण्णांनी पट्टीतली अशी एकही कपात न विचारता जाऊ दिली नसती.

आता मजकुराच्या मालकीचं. तुम्ही कुणाचे नोकर नसाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुमच्या लेखाचे पहिले मालक तुम्हीच असता. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारत एवढंच धरतात. म्हणून करारात "कायमचे आणि जगभरचे सर्व हक्क" असं दिसलं की दर वाढवून मागा. दुसऱ्याच्या नावानं छापायचा मजकूर असेल तर मी दीडपट घेते. आणि नमुना म्हणून दाखवायची परवानगी आधीच लिहून घेते, कारण पुढचं काम नमुन्यावरच मिळतं.

हळूहळू येणारे पैसे

प्रतिलिपी या कथांच्या अ‍ॅपवर कथा, किंडलवर छोटं मराठी ई-पुस्तक, स्वतःच्या वेबसाइटवर गूगलच्या जाहिराती. यावर घर चालवायचं म्हणून सुरुवात करू नका. गूगलचे जाहिरातींचे पैसे १०० डॉलर साठल्याशिवाय खात्यात येत नाहीत, आणि मराठी मजकुरावर तेवढे साठायला मला चौदा महिने लागले. तरी रविवारचे दोन तास मी याला देते. ग्राहकाचं काम एकदाच विकलं जातं, हे पुन्हा पुन्हा विकलं जातं. शिवाय ज्या विषयाची माहिती आठवडाभर गोळा केली तीच इथं कामाला येते. फक्त एक पथ्य पाळा: ग्राहकाला दिलेला मजकूर इकडं उचलू नका, माहिती घ्या आणि लेख नव्यानं लिहा.

दर कसा वाढवायचा

दर आधी नव्या ग्राहकांसाठी वाढवा. नवा माणूस नवा दर ऐकून काम देतो हे दोन-तीनदा दिसलं की जुन्यांशी बोलायचं धैर्य येतं. शब्दावर दर सांगणं मी बंद केलंय. कामावर सांगते, कारण चांगला मजकूर छाटून लहान करायलाच जास्त वेळ जातो आणि शब्दाचा दर त्याची शिक्षा देतो.

जुन्या ग्राहकाला महिनाभर आधी सांगा, आणि महागाई, घरखर्च यातलं काही बोलू नका. त्याच्यासाठी काय केलं ते सांगा. तासगावचे एक बेदाणा व्यापारी माझे सगळ्यात जुने थेट ग्राहक. तीन वर्षं त्यांच्याकडून लेखाला १,२०० रुपये घेत होते. गेल्या जानेवारीत हंगामाच्या तोंडावर लिहिलं: "साहेब, नमस्कार. गेल्या वर्षी आपण मिळून चौदा लेख केले. रॅकवर बेदाणा वाळवण्याची माहिती वाचून बाहेरगावचे खरेदीदार फोन करतात, असं आपणच सांगितलंत. १ मार्चपासून माझा दर लेखाला २,००० रुपये आहे. त्यात आता शेडवर येऊन बोलणं आणि फोटोंखालच्या ओळी हेही धरलंय. फेब्रुवारीपर्यंतची कामं जुन्याच दरानं करीन."

संदेश पाठवला आणि फोन पालथा ठेवून स्वयंपाकाला लागले. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा माणूस यार्डात आला होता, तो घरी येऊन अर्धा किलो हिरवा बेदाणा देऊन गेला. सोबत वहीच्या कागदावर त्यांच्या हातची यादी होती: नव्या हंगामासाठी सहा लेखांचे विषय, आणि खाली लिहिलेलं, "पहिल्यासाठी शेडवर कधी येताय?"